बांबू: झाड की गवत?

एक साधा प्रश्न विचारतो. बांबू म्हणजे झाड की गवत?

वनस्पतीशास्त्र सांगतं, गवत. ऊस, ज्वारी आणि बांबू एकाच कुळातले. आता १९२७ चा भारतीय वन कायदा उघडा. त्यातल्या व्याख्येनुसार ताड, बांबू, वेत हे सगळे 'वृक्ष'. तुम्ही म्हणाल, एवढ्या-तेवढ्या शब्दाने काय फरक पडतो? माझ्या पीएचडीचा विषय नेमका तोच आहे: वन खात्याच्या कागदांतले शब्द आणि त्यांनी ठरवलेली मालकी.

आधी थोडं मागे जाऊ. १८७८ च्या वन कायद्याच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये मोठा वाद झाला. बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याचं म्हणणं असं, की जंगल सरकारचं. लोक सरपण नेतात, गुरं चारतात, तो त्यांचा हक्क नव्हे, सरकारने दिलेली सवलत. फरक लक्षात घ्या. हक्क काढून घ्यायचा तर भरपाई द्यावी लागते, सवलत नुसती बंद करता येते. लोक रोज करत होते तेच काम, फक्त त्याचं नाव बदललं.

दुसरा शब्द 'गौण वनोपज'. गौण कुणासाठी? खात्याच्या हिशोबात सागवान मुख्य आणि मोह, तेंदू, डिंक, मध किरकोळ. पण चंद्रपूर-गडचिरोलीतल्या गोंड घराला विचारा, वर्षाचं मीठ-मिरची कशावर चालतं? गंमत म्हणजे जे 'गौण', त्याचाच व्यापार ताब्यात घ्यायला महाराष्ट्राने १९६९ मध्ये वेगळा कायदा केला.

आता धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात या. इथल्या जंगलातला बांबू सरकार बल्लारपूरच्या कागद कारखान्याला देत असे आणि गावाचा त्याला विरोध होता. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. आदिवासींवर 'ऐतिहासिक अन्याय' झाला, हे शब्द खुद्द या कायद्याच्या प्रस्तावनेत आहेत. त्यात गौण वनोपजाची व्याख्या केली आणि तिथे बांबूचं नाव स्पष्ट लिहिलं. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

हक्क मिळाला, पण गावाने बांबू विकायला काढला तेव्हा वाहतूक परवान्यावर गाडं अडलं. बांबू हे झाड. मग तो गौण वनोपज कसा, असा खात्याचा युक्तिवाद. कागदावर हक्क, जंगलात बांबू आणि मध्ये ऐंशी वर्षांपूर्वीची एक व्याख्या! देवाजी तोफा आणि गावकरी मागे हटले नाहीत. मार्च २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपजच असल्याचं कळवलं आणि २७ एप्रिलला मेंढ्यात येऊन परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती दिली. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगावही स्वतःचा बांबू विकू लागलं. २०१७ मध्ये तर कायद्याच्या 'वृक्ष' व्याख्येतूनच बांबू वगळला गेला.

इथे एक गोष्ट मला विचार करायला लावते. 'गौण' हा शब्द लोकांच्या जगण्याला कमी लेखणारा. पण बांबू गावाला मिळाला तो याच शब्दाच्या यादीत बसला म्हणून. म्हणजे शब्द वाईट म्हणून टाकून देणं हा एकच उपाय नसतो. त्यात काय मोडतं आणि ते ठरवायचं कुणी, हे गावालाही हातात घेता येतं. मेंढ्याने तर 'सरकार' हाही शब्द घेतला. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, असं ते गाव कधीचं म्हणत आलंय.

पण हे शब्द आपोआप पालटले नाहीत. गावाने कायदा वाचला, रात्री-रात्री बसून चर्चा केली, परवान्यासाठी ठाण मांडलं. म्हणून पुढच्या वेळी बातमीत 'अतिक्रमण', 'राखीव', 'पुनर्वसन' असे शब्द दिसले, की एवढंच विचारून बघा: हे नाव कुणी ठेवलं, आणि त्यामुळे कुणाचा हक्क सवलत झाला?