धुऱ्यावरचे गवत

बुलढाणा जिल्ह्यात तणनाशकाने ढोर दगावण्याची भीती निघाली की बोट थेट बाटलीकडे जाते. बाटलीचा दोष आहेच. पण औषध धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पोचण्याआधी ढोरे धुऱ्यावर ढकलली गेली होती, आणि तो इतिहास वगळून त्यांच्या सुरक्षिततेचा विचार करता येत नाही. 1853 मध्ये वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली आला. त्या काळच्या जमीन वर्गवारीतून गावाच्या चराईला मिळालेले ‘ई-क्लास’ हे नाव तलाठ्यापासून गुराख्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आजही आहे. त्या रानाला शेताची जोड होती. बाया निंदून काढलेल्या तणाचे भारे बांधून गोठ्यात नेत, म्हणजे पिकाचा वैरी तोच बैलाचा घास होता. उन्हाळ्याला ज्वारीचा कडबा होता. पुढे हे सगळेच आटले. ई-क्लासवर अतिक्रमणे झाली. त्यातली 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे शासनाने नियमित केली. पिढ्यान्‌पिढ्या जमीन नाकारलेल्या कुटुंबांना ती मिळाली हा न्यायच होता, पण ढोरांसाठी दुसरे रान कुणी राखले नाही. घाटावर आणि घाटाखाली सोयाबीनने ज्वारी मागे सारली, आणि सोयाबीनचे कुटार कडब्याची जागा भरून काढत नाही. उरला धुरा.

कागदाच्या भाषेत हाच धुरा ‘पीक नसलेली जागा’ ठरतो. ग्लायफोसेट या तणनाशकाला आपल्याकडे मान्यता होती ती चहाचे मळे आणि अशा बिनपिकाच्या जागांपुरती. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने त्याचा वापर व्यावसायिक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. पीक नाही म्हणजे तिथे कुणाचे पोट नाही, हे त्या मान्यतेमागचे गृहीतच चुकीचे आहे. ग्लायफोसेट जनावरांना तितकेसे विषारी नाही, असा आक्षेप येईल. इतर अनेक औषधांच्या तुलनेत ते खरे आहे. पण गावात एकच औषध विकले जात नाही. पॅराक्वाटवर उतारा नाही. 2,4-डी फवारल्यावर काही विषारी वनस्पती ढोरांना एरवीपेक्षा गोड लागतात, काहींत नायट्रेट साचते. शिवाय ग्लायफोसेट मारलेले गवत कित्येक दिवस हिरवेच दिसते. नुसत्या नजरेने ते ओळखणार कसे?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मजूर मिळत नाही, आणि दिवसभर वाकून निंदण्याने बायांची कंबर मोडते. ते कष्ट कमी व्हायलाच हवेत, म्हणून पिकाच्या ओळीतली फवारणी मला समजते. धुऱ्याचे गवत मात्र विळ्याने कापले तर चाराच मिळतो. तिथे औषध मारायचेच असेल तर आधी गुराख्याला सांगितले पाहिजे. जनावरे दूर ठेवा, असे बाटलीवर छापलेले असते. ते वाचतो फवारणारा. शेळी मात्र बहुधा अशा घरची असते, ज्याच्या नावावर एक धुराही नाही.