‘रन’चे ६४५ अर्थ आणि आपलं ‘चालणं’

आज सुरुवातीलाच एक छोटा खेळ खेळू. मी काही वाक्यं सांगते, त्यातली क्रियापदं ऐका. नळ वाहतोय. नाक गळतंय. साडीचा रंग जातोय. मावशी खानावळ चालवते. काका निवडणुकीला उभे आहेत. पेपरने बातमी छापली. घोडा धावतोय. आणि माझ्या धंद्यातलं एक: प्रोग्राम चालतोय.

आठ वाक्यं, आणि मराठीत त्यासाठी सात वेगवेगळी क्रियापदं लागली. इंग्लिशमध्ये हे सगळं एकाच शब्दात भागतं. रन!

आता आकडा सांगते. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संपादकांनी २०११ मध्ये ‘रन’ची नोंद नव्याने लिहून काढली, तेव्हा या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. पीटर गिलिव्हर नावाचे संपादक या एका शब्दावर नऊ महिने बसले होते. माझ्या टीममध्ये एका तिकिटाला नऊ महिने लागले तर काय होईल, याची कल्पना तुम्हीच करा.

पण गंमत अशी की त्याआधी हा मान ‘रन’चा नव्हताच. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत पहिला नंबर होता ‘सेट’चा. ४३० अर्थ, आणि नोंदीची लांबी सुमारे ६०,००० शब्द. मग बावीस वर्षांत इंग्रज लोक एवढं पळायला लागले का? तसं काही नाही. कोशाची तिसरी आवृत्ती करायला घेतली तेव्हा संपादकांनी सुधारणा ‘एम’ या अक्षरापासून सुरू केली. त्यामुळे २००० मध्ये ‘मेक’ पुढे गेलं, २००७ मध्ये ‘पुट’, आणि २०११ मध्ये गाडी ‘आर’पर्यंत आली तेव्हा ‘रन’. ज्या शब्दावर नव्याने काम झालं, तो वर चढला. म्हणजे ६४५ हा आकडा भाषेचा जेवढा आहे, तेवढाच तो मोजायला बसलेल्या माणसांचा आहे. हे लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

ही मोजणी सुरू कशी झाली? १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत चर्चा झाली की आपले इंग्लिश कोश अपुरे आहेत. १८७९ मध्ये जेम्स मरे संपादक झाले. त्यांनी इंग्लिश वाचणाऱ्या लोकांना जाहीर आवाहन केलं: पुस्तकं वाचा, एखादा शब्द वापरलेला दिसला की ते वाक्य चिठ्ठीवर उतरवा, पुस्तकाचं नाव आणि साल लिहा, आणि आम्हाला पाठवा. मरे यांनी त्यासाठी पत्र्याची एक शेड उभारली आणि चिठ्ठ्या ठेवायला भिंतीला खण केले. आजच्या भाषेत सांगायचं तर हा क्राउडसोर्सिंगचा प्रकल्प, फक्त सर्व्हरच्या जागी पोस्ट खातं. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, पूर्ण कोश व्हायला १९२८ उजाडलं. मरे १९१५ मध्येच गेले. त्यांना शेवटचं अक्षर बघायला मिळालं नाही.

आता ‘रन’कडे वळू. या शब्दाच्या जुन्या जर्मानिक मुळात पळणं आणि वाहणं हे दोन्ही अर्थ होते. जर्मनमध्ये आजही ‘रेनेन’ म्हणजे पळणं आणि ‘रिनेन’ म्हणजे वाहणं, असे दोन सख्खे शब्द आहेत. म्हणून इंग्लिशमध्ये नदी, नळ आणि नाक तिन्ही ‘रन’ होतात. ती नंतर सुचलेली उपमा नाही, मुळातलंच आहे.

मग यंत्रं आली. घड्याळ, गिरणी, रेल्वे. इंग्लिशने नवं क्रियापद घडवलं नाही, जुन्यालाच कामाला जुंपलं. त्यात एक सोय होती. घोडा पळतो तेही ‘रन’ आणि घोडा पळवणं तेही ‘रन’. तसंच मशीन चालतं आणि मशीन चालवतात, दोन्हीकडे एकच शब्द. पुढे कॉम्प्युटर आला. १ मे १९६४ रोजी अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात बेसिक या भाषेतला प्रोग्राम पहिल्यांदा चालला. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी ती भाषा नवख्या विद्यार्थ्यांसाठी केली होती. तिच्यात प्रोग्राम सुरू करायची आज्ञा होती ‘रन’. पाण्याचा आणि घोड्याचा शब्द असा थेट मशीनच्या आत जाऊन बसला.

आणि आपण? ‘रन’ला शब्दशः मराठीत आणून बघा. ‘मी प्रोग्राम पळवला’ म्हटलं तर लोक पोलिसांना बोलावतील! मराठीत यंत्रं सहसा पळत नाहीत, चालतात. रेल्वे तेवढी धावते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी ‘धावली’, असंच आपण लिहितो. पण पावसाळ्यात सकाळी उठून विचारतो काय? “लोकल चालू आहेत का?”

हे ‘चालणं’ जरा मोजून बघा. घड्याळ चालतं. श्वास चालतो. खटला चालतो. सिनेमा चालतो, म्हणजे गर्दी खेचतो. फाटकी नोट चालत नाही. उपासाला साबुदाणा चालतो. घरात बाबांचं काही चालत नाही. डोकं चालत नाही. चहा चालेल? काय चाललंय? यातल्या निम्म्या ठिकाणी इंग्लिश ‘रन’ टिकणार नाही. आणि एक तांत्रिक मुद्दा. मराठीत चालणं आणि चालवणं ही दोन रूपं आहेत, इंग्लिशमध्ये दोन्ही एकाच नोंदीत बसतात. त्यामुळे ‘इंग्लिशमध्ये ६४५, मराठीत किती?’ ही तुलना सरळ होतच नाही. मोजपट्टीच वेगळी आहे.

आपल्याकडे मोजणारे नव्हते असंही नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्लिश कोश १८३१ मध्ये आला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती मुंबईत १८५७ मध्ये. म्हणजे लंडनमध्ये चर्चा सुरू झाली त्याच वर्षी! पुढे य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ मध्ये काढले, पुरवणी १९५० मध्ये. हे दोन्ही कोश आज शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फोनवरून फुकट शोधता येतात. एकदा ‘चालणे’ टाइप करून बघाच.

पण १९५० च्या पुरवणीत ‘नेट चालत नाहीये’ कुठून असणार? ‘इथे यूपीआय चालेल का?’ कुठून असणार? हे अर्थ आपण रोज वापरतोय, आणि आपल्या कोशातल्या नोंदी अजून जुन्याच वर्षांत उभ्या आहेत. ऑफिसात मीही ‘कोड रन कर’ म्हणते आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही. भाषा शब्द उसने घेतच असते. फक्त कुणी म्हणालं की मराठीत नव्या गोष्टींसाठी शब्दच नाहीत, तर मला ते नऊ महिने आठवतात. ‘रन’ श्रीमंत दिसतो, कारण त्याचा हिशोब कुणीतरी चिकाटीने ठेवला. ‘चालणं’ही तितकंच राबतंय, त्याचा हिशोब थांबलाय.

तर या आठवड्याचा गृहपाठ. कुणाच्या तोंडून ‘चालणं’ किंवा ‘चालवणं’ नव्या अर्थाने ऐकलंत, तर ते वाक्य, गाव आणि तारीख फोनमध्ये टिपून ठेवा. भाजीवाल्याचं असो, आजीचं असो, कॉलेजच्या कट्ट्यावरचं असो. मग आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या महिन्यात आलेली सगळी वाक्यं एकत्र लावून त्यातून किती अर्थ निघतात ते मोजू.

चालेल ना?