अमुद्रणीय वर्ण (संगणन)

अमुद्रणीय वर्ण म्हणजे स्वतःची दृश्य आकृती नसलेले, परंतु संगणकाच्या लेखी अर्थ असलेले संकेत होत. आस्की संकेतप्रणालीतील १२८ संकेतांपैकी ० ते ३१ आणि १२७ असे ३३ संकेत या वर्गात मोडतात. ३२ ते १२६ हे ९५ संकेत मुद्रणीय होत.

बायनरी फाइल कॅट या आज्ञेने थेट टर्मिनलवर उतरवल्यास हे संकेत मजकूर म्हणून दिसत नाहीत, हुकूम म्हणून पाळले जातात. संकेत ७ ने घंटा वाजते. संकेत १४ मुळे अनेक टर्मिनलांवर अक्षरांऐवजी रेषाचिन्हे उमटू लागतात. २७ पासून सुरू होणारे संकेतक्रम रंग व कर्सरची जागा बदलतात. असा बिघडलेला पडदा रिसेट या आज्ञेने बहुधा पूर्ववत होतो.

गाळण्याच्या पद्धती

कॅट आज्ञेला व्ही हा पर्याय दिल्यास नियंत्रक संकेत गाळले न जाता दृश्य खुणांनी दाखवले जातात. स्ट्रिंग्ज ही आज्ञा सलग किमान ४ मुद्रणीय वर्णांचे तुकडेच छापते. ही मर्यादा बदलता येते. टीआर आज्ञेने ठरावीक संकेत वगळता येतात, किंवा ठरावीक संकेत राखून उरलेले सर्व काढता येतात.

देवनागरी मजकुराची हानी

यांपैकी दुसरी पद्धत इंग्रजी मार्गदर्शिकांत सर्रास सुचवली जाते. मराठी मजकुरासाठी ती घातक आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे असते ('मराठी' हा शब्द १५ बाइटांचा) आणि त्यांतील प्रत्येक बाइटाचे मूल्य १२७ पेक्षा अधिक असते. ग्नू प्रणालीतील टीआर एकेक बाइट सुटा तपासत असल्याने केवळ आस्कीचे मुद्रणीय संकेत राखल्यास मराठी मजकूर समूळ नाहीसा होतो, आणि तोही कोणतीही सूचना न मिळता. अशा वेळी टॅब व नवी ओळ वगळून फक्त आस्कीचे नियंत्रक संकेत काढणे इष्ट. देवनागरीच्या बाइटांना त्याने धक्का लागत नाही. मात्र बायनरी फाइलमधील १२७ वरील निरर्थक बाइटही मागे उरतात. त्यांतील यूटीएफ-८ नुसार अवैध ठरणारे बाइट आयकॉन्व्ह आज्ञेच्या सी या पर्यायाने वगळता येतात.

युनिकोडमधील सर्वच अदृश्य वर्ण निरुपयोगी नसतात. 'दऱ्या' हा शब्द काही वेळा र, हलन्त व शून्य-रुंदी जोडक यांनी लिहिलेला असतो. तो अदृश्य जोडक गाळला गेल्यास डोंगरातील दऱ्यांचा 'दर्या', म्हणजे समुद्र, होतो.