हजची वाट आणि परवान्याचा कागद

हज कुणावर फर्ज आहे? ज्याची ऐपत आहे त्याच्यावर, एवढे उत्तर आपल्या घरातले शाळकरी पोरही देईल. पण या ऐपतीत फकीहांनी काय काय धरले आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. वाटखर्च हवा, अंगात ताकद हवी, मागे राहणाऱ्या बायकामुलांच्या पोटाची सोय हवी. आणि आणखी एक, वाट सुरक्षित हवी. किताबांमध्ये याला अम्न-ए-तरीक म्हणतात. वाटेत जीव जाण्याचा धोका ढळढळीत दिसत असेल, तर धोका टळेपर्यंत माणसाने घरी थांबायला धर्माची हरकत नाही.

प्रश्न एवढाच की वाट सुरक्षित आहे की नाही हे ठरवायचे कुणी? हिंदुस्थानातून मक्केला जाणाऱ्यांच्या बाबतीत हा अधिकार गेल्या पाचशे वर्षांत अनेकांनी आपल्या हाती घेतला. कधी पोर्तुगीज कप्तानाने, कधी तुर्की डॉक्टराने, कधी आगबोट कंपनीने. ज्याने घेतला त्याने हाजीच्या हातात एक कागद दिला, आणि बहुतेक वेळा त्याचे पैसेही घेतले.

यातला पहिला कागद पोर्तुगिजांचा. सोळाव्या शतकात अरबी समुद्रावर त्यांची हुकमत बसली आणि त्यांच्या परवान्याशिवाय, म्हणजे कार्ताझशिवाय, गलबत हाकारणे धोक्याचे झाले. गलबत कुणाचे, नाखवा कोण, माल काय, जायचे कुठे हे सारे त्यात लिहिलेले असे. परवाना नसलेले गलबत सापडले की ते जप्त होई. या कागदावर मरियम आणि ईसा यांची चित्रे असत. अकबराच्या दरबारातला इतिहासकार बदायुनी सांगतो की त्या काळच्या एका बड्या आलिमाने यावरून फतवाच काढला. खुश्कीच्या वाटेवर शिया इराण, समुद्राच्या वाटेवर चित्रे छापलेला परवाना. तेव्हा हिंदी मुसलमानांवर हज फर्जच उरलेला नाही, असा त्याचा युक्तिवाद. बदायुनीने हे लिहिले आहे ते त्या आलिमाची फजिती करण्यासाठी. तरी परक्याच्या शिक्क्याचा कागद खिशात घेऊन अल्लाहच्या घरी जावे की नाही, हा पेच तेव्हा लोकांना खरोखर पडला असणार.

बाबराची मुलगी गुलबदन बेगम हिने तो पेच आपल्यापुरता सोडवला. 1575 साली ती सलीमा सुलतान बेगम आणि इतर शाही स्त्रियांना घेऊन फतेहपूर सिक्रीहून निघाली. सुरतेला पोचली आणि तिथे परवान्याची वाट पाहत जवळजवळ वर्षभर अडकून पडली. हिंदुस्थानच्या बादशहाची आत्या, पण समुद्रावर बादशहाचा हुकूम चालत नव्हता! 1576 साली गलबत सुटले. पुढे तीनेक वर्षे हिजाजमध्ये राहून परतताना एडनजवळ गलबत फुटले, तिथे कित्येक महिने खोळंबा झाला आणि 1582 मध्ये ती घरी आली. हीच ती 'हुमायूननामा' लिहिणारी गुलबदन. त्या पुस्तकात या सात वर्षांबद्दल काही सापडत नाही, याची रुखरुख वाटते.

आपल्याकडे कोकणातही अशी एक कहाणी आहे. दाभोळ हे आदिलशाहीतले मक्केला जाण्याचे बंदर. तिथे खाडीच्या काठी सतराव्या शतकातली देखणी शाही मशीद आहे. विजापूरची शहजादी आयशाबीबी हजला जायला म्हणून मोठा लवाजमा घेऊन दाभोळला आली, पण समुद्रावर चाच्यांचा सुळसुळाट असल्याचे कळले, तेव्हा मौलवींच्या सल्ल्याने हजसाठी आणलेली रक्कम तिने मशिदीवर खर्च केली, असे सांगतात. दंतकथेतले आकडे सोडून देऊ. भीती मात्र खरी होती. 1695 साली मक्केहून परतणारे औरंगजेबाचे 'गंज-ए-सवाई' हे भले थोरले जहाज इंग्रज चाचा हेन्री एव्हरी याने लुटले आणि त्यावरच्या यात्रेकरूंचे अनन्वित हाल केले. अम्न-ए-तरीक ही कलमे रंगवणाऱ्यांची कल्पना नव्हती, ती अशा अनुभवांतून आलेली शर्त होती.

आगबोटी आल्या आणि चाच्यांची भीती मागे पडली. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला. मुंबई हे हजचे बंदर झाले. ज्या गरीब माणसाच्या आजाने हजचे स्वप्नही पाहिले नसेल, तो डेकचे तिकीट काढून जेद्द्याला जाऊ लागला. संकट आले ते याच गर्दीतून. 1865 साली मक्केत पटकीची साथ पसरली. सुमारे 90,000 यात्रेकरूंपैकी 15,000 दगावले असा अंदाज सांगतात. तिथून रोग इजिप्तला आणि पुढे युरोपात गेला. युरोपात माणसे मरू लागली तेव्हा परिषद भरली, 1866 मध्ये इस्तंबूलला. रोगाचे उगमस्थान हिंदुस्थान आणि त्याचा वाहक हाजी, असा निष्कर्ष निघाला. तेव्हापासून आपला हाजी जगाच्या दृष्टीने यात्रेकरू कमी आणि रोगी जास्त झाला.

यमनच्या किनाऱ्याजवळच्या कामरान या उजाड बेटावर उस्मानी सरकारने 1882 मध्ये क्वारंटीनचे ठाणे उभारले. पूर्वेकडून येणाऱ्या बोटीतल्या प्रत्येकाने तिथे उतरायचे, कपडे वाफेच्या यंत्रातून काढून घ्यायचे, न्हाणीतून जायचे, ठरावीक दिवस झोपड्यांत काढायचे आणि या पाहुणचाराची फी स्वतःच भरायची. बायकांना तपासणार कोण, पाणी प्यायचे कुठले, सामान चोरीला गेले तर दाद कुणाकडे, याच्या तक्रारींनी त्या काळचे कागद भरलेले आहेत. पहिल्या महायुद्धात बेट इंग्रजांच्या हाती गेले, तरी ठाणे 1950 च्या दशकाच्या आरंभापर्यंत चालूच राहिले. जुन्या पिढीतल्या हाजींच्या तोंडी 'कामरान' हे नाव येई, ते याच कारणाने.

याच काळात उस्मानी सरकारने पासपोर्टचाही आग्रह धरला. इंग्रज सरकारची मात्र इथे पंचाईत झाली. डच सरकार आपल्या ताब्यातल्या जावा-सुमात्रातील यात्रेकरूंना 1859 च्या कायद्यान्वये विचारत होते, की जाण्यायेण्याइतके पैसे आहेत का, मागे घरच्यांची सोय केली आहे का? इंग्रजांना हे विचारण्याची हिंमत नव्हती. 1857 नंतर धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन राणीने दिले होते. म्हणून पासपोर्ट फुकट द्यायचा, पण ऐपत विचारायची नाही, असा मार्ग निघाला. याला कुणी उदारपणा म्हणेल. मला यात निम्मे भय आणि निम्मी बेपर्वाई दिसते. कारण परतीचे पैसे नसलेली शेकडो हिंदी माणसे जेद्द्याच्या रस्त्यांवर भीक मागत होती आणि सरकार ते वर्षानुवर्षे फक्त नोंदवत होते.

नोंदवणाऱ्यांत एक नाव आदराने घ्यायला हवे. डॉ. अब्दुर रझ्झाक. हिंदी मुसलमान, सरकारी नोकरीतले डॉक्टर. 1878 मध्ये ते यात्रेकरूंबरोबर हजला गेले आणि 1882 पासून जेद्द्यात इंग्रजांचे उपवकील म्हणून राहिले. हाजींची आबाळ त्यांनी सविस्तर लिहून पाठवली. 1895 च्या मे महिन्यात जेद्द्याच्या तटाबाहेर फिरायला गेलेल्या परदेशी वकिलांवर बद्दूंनी हल्ला केला, त्यात रझ्झाक मारले गेले. क्वारंटीन आणि वाफेची यंत्रे यांच्यावरचा राग त्या हल्ल्यामागे होता असे मानले जाते. हाजींच्या भल्यासाठी अहवाल लिहिणारा माणूस हाजींना छळणाऱ्या यंत्रणेचा प्रतिनिधी म्हणून मारला जावा! आपल्या मराठी वाचकाला त्यांचे नावही ठाऊक नसते.

मुंबईतला मुक्काम हाही प्रवासातला एक धोकाच होता. बंगालातून, पंजाबातून, पार बुखाऱ्याहून माणसे येत. बोट कधी सुटणार ते कुणालाच ठाऊक नसे. दलाल म्हणत, उद्या. उद्याची आठवण करून देता देता महिना जाई आणि वाटखर्चातले पैसे मुंबईतच संपत. शेवटी तिकीट हातात पडे तेव्हा कळे की बोटीवर पाय ठेवायला जागा नाही. 1880 साली 'जेद्दा' नावाच्या, सिंगापूरहून निघालेल्या बोटीचे गोरे कप्तान आणि अधिकारी साडेनऊशेच्या आसपास यात्रेकरू भर समुद्रात सोडून पळाले. बोट बुडाली असे त्यांनी एडनला सांगितले, आणि मागून ती बोटच दुसऱ्या जहाजाच्या दोराला बांधून बंदरात आली. जोसेफ कॉनरॅडच्या 'लॉर्ड जिम' या कादंबरीचे मूळ या प्रकरणात आहे. त्या कादंबरीत गोऱ्या अधिकाऱ्याच्या मनाची टोचणी पानोपानी आहे. डेकवरच्या साडेनऊशेंचे काय झाले असेल, ते आपण कल्पनेने जाणायचे.

बोंब वाढली तेव्हा मुंबईत दलालांना परवाने सक्तीचे झाले आणि 1886 मध्ये सरकारने हजची व्यवस्था चक्क थॉमस कुक कंपनीकडे सोपवली. रेल्वे आणि बोट यांचे एकत्र तिकीट, जाहीर भाडे, ठरलेल्या तारखा. बेत चांगला होता. पण गरीब हाजीच्या भाड्यात कंपनीचा खर्च निघेना, सरकार तोटा भरून द्यायला कंटाळले आणि 1893 मध्ये हा करार संपला. तीन वर्षांनी मुंबईत प्लेग आला, आणि 1897 च्या फेब्रुवारीत सरकारने मुंबई बंदरातून हजला जाणेच बंद केले. धर्मात हात घालणार नाही म्हणणाऱ्या सरकारने एका हुकमाने हज थांबवला, कारण युरोप हिंदुस्थानच्या व्यापारावर बहिष्कार घालेल ही भीती राणीच्या वचनापेक्षा मोठी ठरली. उलेमांनी मात्र यावर फारसे आकांडतांडव केले नाही. साथीच्या गावातून बाहेर पडू नये, ही शिकवण त्यांच्यापाशी आधीपासूनच होती.

परतीच्या तिकिटाचा प्रश्न सुटायला 1925 साल उजाडले. यापुढे परतीचे तिकीट काढल्याशिवाय किंवा तेवढी रक्कम अनामत ठेवल्याशिवाय बोटीवर चढता येणार नाही, असा कायदा झाला. यावर आपल्या समाजात बरीच खडाजंगी झाली. कुणी म्हणे, मक्केत मरण यावे म्हणून जाणाऱ्या म्हाताऱ्याला परतीचे तिकीट कशाला? कुणी म्हणे, हा एका आगबोट कंपनीची मक्तेदारी पक्की करण्याचा डाव आहे. दुसऱ्या आक्षेपात तथ्य होते. पण जेद्द्याच्या धूळमातीत उपाशी पडलेल्या माणसाला सरकारी खर्चाने आणि अपमानाने परत आणण्यापेक्षा हे बरे, असेच आज म्हणावे लागते. अर्थात ज्याच्यापाशी जाण्यापुरतेच पैसे साठले होते, त्याची हजची आशा त्या दिवशी संपली. किती जणांची, याचा हिशेब कुठल्याच दप्तरात नाही.

त्याच सुमारास पलीकडचे चित्र बदलले. जेद्दा-मक्का-मदिना हा रस्ता बद्दूंच्या लुटीसाठी कुप्रसिद्ध होता. 1924-25 मध्ये अब्दुल अझीझ इब्न सऊद यांनी हिजाज ताब्यात घेतला. त्यांच्या धार्मिक धोरणाबद्दल हिंदी मुसलमानांत कितीही नाराजी असो, रस्ता सुरक्षित झाला हे त्यांचे विरोधकही मान्य करत. इकडे 1932 च्या कायद्याने बंदरोबंदरी हज समित्या स्थापन झाल्या. तयारीची एक ठरीव रीत बसली. अर्ज, देवी आणि पटकीच्या लशीचा दाखला, पिलग्रिम पास, मुसाफिरखान्यात जागा, मग मुघल लाईनची बोट. स्वातंत्र्यानंतर त्यात परकीय चलनाचा प्रश्न आला. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी 10 आणि 100 रुपयांच्या खास नोटा काढल्या, त्यांच्यावर 'हज' असा शब्द छापलेला होता.

सरकारी तयारीच्या जोडीला घरची तयारी चालूच असे. कर्ज फेडायचे, वसियत करायची, ट्रंकेत कफन ठेवायचे आणि गावात दारोदार जाऊन 'कहा-सुना माफ करा' म्हणायचे. बोटीचा प्रवास 1995 मध्ये थांबला, विमानाने तो काही तासांवर आणला. पिलग्रिम पास जाऊन 2009 पासून आंतरराष्ट्रीय पासपोर्ट आला, मेंदूज्वराची लस सक्तीची झाली, देशोदेशी कोटे ठरले. माफी मागण्याची रीत मात्र राहिली, कुणी ती आता फोनवरून उरकतात एवढेच.

आणि दलालही राहिला. 2024 च्या हजमध्ये मक्केत पारा 51 अंशांपलीकडे गेला आणि 1,301 माणसे मरण पावली. सौदी सरकारने सांगितले, त्यांतले 83 टक्के लोक हजचा परवाना नसलेले होते. अनेक जण नुसत्या भेटीच्या व्हिसावर आलेले. परवाना नाही म्हणून अधिकृत बस नाही, थंड तंबू नाही. मैलोन्‌मैल उन्हातून पायी चाललेले. मृतांत इजिप्तचे लोक सर्वाधिक होते. त्या सरकारने 16 प्रवासी कंपन्यांचे परवाने रद्द केले. या कंपन्यांनी गिऱ्हाइकांना व्हिसा मिळवून दिला होता, पण तो हजचा नव्हता. ज्यांना अधिकृत हजचा खर्च झेपत नव्हता, तेच बहुतेक या वाटेने आले होते.