परवाना नसलेले पाहुणे

आम्ही नगरचे ख्रिस्ती. अमेरिकन मिशनची गोष्ट आजी शाळा-दवाखान्यांपासून सुरू करायची. मला त्याआधीचा कागदपत्रांचा घोळ जास्त रंजक वाटतो. या मिशनचे पाद्री गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेही कलकत्त्याच्या सरकारला चुकवून. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात राहायला कंपनीचाच परवाना लागे, आणि मिशनऱ्यांमुळे रयत बिथरेल ही तिची धास्ती. त्यात अमेरिका-इंग्लंड युद्ध पेटलेले. गव्हर्नर इव्हान नेपियन स्वतः बायबल सोसायटीचे, पण त्यांना परत पाठवण्याचा हुकूम कलकत्त्याचा. शेवटी हॉल आणि नॉट गलबतातून कोचीनला सटकले आणि तिथून परत आणले गेले. (मिशनरी पळाले, हे आजीच्या गोष्टीत कधीच नसे.) त्याच वर्षी लंडनमध्ये कंपनीच्या सनदेचा कायदा बदलला, मिशनऱ्यांना परवान्याची वाट मिळाली. हॉल मुंबईत राहिले, मराठीत उपदेश करू लागले. १८२६ मध्ये नाशिककडच्या फिरतीवर पटकीने गेले.

परदेशी मिशनऱ्यांचा कागदाचा फेरा पुढेही सुटला नाही. मनमाडला शेतकऱ्यांसोबत विहिरी खोदणाऱ्या स्पॅनिश फादर व्हिन्सेंट फेरर यांना १९६८ मध्ये देश सोडावा लागला. त्यांच्यासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले. पुढच्या वर्षी ते परतले, पण महाराष्ट्रात नाही; आंध्रातल्या अनंतपूरला.