बिनकुलपाचे दुकान : ‘गॉग’ची वाटचाल

मार्चिन इव्हिन्स्की आणि मिखाऊ किचिन्स्की या दोघा शाळासोबत्यांनी 1994 मध्ये वॉर्सा येथे ‘सीडी प्रोजेक्ट’ सुरू केली, तेव्हा पोलंडमध्ये संगणकीय खेळांच्या चोरट्या प्रती भर बाजारात विकल्या जात. या चोरीला कंपनीने दिलेले उत्तर वेगळे होते. 1999 मध्ये तिने ‘बाल्डर्स गेट’ हा खेळ नामवंत पोलिश नटांच्या आवाजात, नकाशा, नियमपुस्तिका आणि संगीताच्या सीडीसह बाजारात आणला. पहिल्याच दिवशी 18,000 प्रती खपल्या. अस्सल प्रत चोरीच्या प्रतीपेक्षा सरस असेल तर ग्राहक पैसे मोजतो, ही खात्री तेव्हाच पटली.

याच खात्रीवर सप्टेंबर 2008 मध्ये ‘गुड ओल्ड गेम्स’ हे ऑनलाइन दुकान उघडले. त्याच महिन्यात आलेला ‘स्पोर’ हा खेळ तीनच वेळा सक्रिय करता येईल, अशी अट त्याच्या प्रकाशकाने घातली होती. डीआरएमची, म्हणजे विकलेल्या खेळावर घातलेल्या डिजिटल कुलपाची, अशी बंधने गुड ओल्ड गेम्सने पूर्णपणे नाकारली. ग्राहकाने इन्स्टॉलर एकदा उतरवून घ्यावा, हवे तर पेनड्राइव्हवर ठेवावा. खेळताना इंटरनेट लागत नाही आणि विकत घेतलेल्या वस्तूसाठी पुन्हा कुणाची परवानगी मागावी लागत नाही.

जुने खेळ नव्या संगणकांवर चालवणे सोपे नव्हते. डॉसच्या काळातील खेळांना ‘डॉसबॉक्स’ या मुक्त प्रणालीची जोड द्यावी लागली. ती घडवणाऱ्या स्वयंसेवकांचा या यशात मोठा वाटा आहे. हक्कांचा गुंता त्याहून किचकट होता. ‘सिस्टिम शॉक 2’चे हक्क चक्क एका विमा कंपनीकडे जाऊन पडले होते. ‘नाइट डाइव्ह’ या कंपनीने ते सोडवून आणले आणि 2013 मध्ये तो खेळ पुन्हा विक्रीस आला.

चुकाही घडल्या. 2010 मध्ये प्रसिद्धीसाठी दुकान बंद झाल्याचा देखावा केला गेला. ग्राहक धास्तावले, व्यवस्थापनाने माफी मागितली. 2012 मध्ये नाव ‘गॉग’ झाले आणि नवे खेळही दाखल झाले. पुढे ‘गॅलेक्सी’ हे ॲप आले, पण ते वापरण्याची सक्ती केली नाही, हे विशेष.

2021 हे वर्ष कसोटीचे ठरले. दुकान तोट्यात होते. त्यातच बऱ्याच भागासाठी इंटरनेट लागणारा ‘हिटमॅन’ विक्रीला ठेवला गेला. ग्राहकांनी कडाडून विरोध केला आणि काही आठवड्यांतच तो मागे घेण्यात आला. दुकानाचा शब्द दुकानाइतकाच जपणारा हा ग्राहकवर्ग गॉगची खरी पुंजी आहे.

नोव्हेंबर 2024 मध्ये 100 खेळांनिशी जतन कार्यक्रम सुरू झाला. हे खेळ पुढील संगणकांवरही चालते ठेवण्याची जबाबदारी गॉगने स्वतःकडे घेतली. डिसेंबर 2025 मध्ये किचिन्स्की यांनी सीडी प्रोजेक्टकडून गॉग विकत घेतले. डीआरएममुक्त विक्रीचे धोरण त्यांनी कायम ठेवले आहे.