नाण्यांवरील सनदोष

नाण्यावरील टंकनवर्षात टाकसाळीतच राहिलेला दोष. ठशाच्या खाचेत वंगण साचले की अंक पुसट उठतो किंवा उमटतच नाही. ठसा घडवताना मुद्रा किंचित सरकून दोनदा बसली, तर अंक दुहेरी आणि दोन्ही उठावदार दिसतात. आत दबलेली रेघ ही मात्र बहुधा नंतरची इजा. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या खाऱ्या हवेत पोलादी नाणीही डागाळतात, ६ चा ८ भासतो. म्हणून भिंग आणि तिरपा उजेड हवाच. नाणे घासू नये, पुरावाच जातो. सनाखालचा चौकोनी हिरा मुंबई टाकसाळीची खूण, तारा हैदराबादची, ठिपका नोएडाची. या खुणा म्हणजे दोष नव्हेत. रायगडावरील १६७४ च्या राज्याभिषेकाशी निगडित शिवराईवर सनच नसे, त्यामुळे तिच्याबाबत सनदोषाचा दावा निरर्थक ठरतो.